चिमट्याचा पट्टा

सर्कशीत बाबांना सगळे चिमटा म्हणत. झोक्याच्या दोरांत पाय अडकवून उलटं लोंबकळायचं आणि हवेतून झेपावत आलेल्या माणसाची मनगटं पकडायची, हे त्यांचं काम. एकदा पकडलेलं मनगट त्यांच्या हातून कधी सुटलं नाही. हवेतून येणारी माझी आई असायची.

मग मालकांनी मोजणीवाल्या बाईंना बोलावलं. असल्या जिवावरच्या कामात माणसाला किती ताण येतो, ते त्या मोजायच्या. छातीला काळा पट्टा बांधायचा, खेळ करायचा, आणि जाळ्याशेजारी बसून बाई प्रत्येकाच्या काळजाची रेघ पडद्यावर बघायच्या. "माझं काळीज बायकोकडे आहे, तिलाच बांधा," विदूषक म्हणाला. सगळे हसले, बाबा तेवढे हसले नाहीत. ज्याची रेघ वाईट येईल तो खाली बसेल, असं मालकांनी आधीच बजावलं होतं, आणि बाबांना अलीकडे शिडी चढतानाही दम लागत होता.

तोड आईने काढली. पट्टे दिसायला सारखेच, फक्त नंबर वेगळे. कपडे बदलताना तिने बाबांचा पट्टा स्वतःला बांधला आणि आपला त्यांना. ती खाली बसली असती तरी झगमगीत कपडे शिवून पोटाला लागली असती. बाबा खाली बसून चार दिवसही जगले नसते. एवढा सगळा विचार केला आईने, पण तिच्या जागी मालक कोणाला चढवतील, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

निकालात बाबांचं तोंडभरून कौतुक झालं. "इतकं शांत काळीज मी पाहिलं नाही," मोजणीवाल्या बाई म्हणाल्या. आईच्या खांद्यावर मात्र त्यांनी हळूच हात ठेवला. "तुम्हाला ताण झेपत नाही, ताई." त्याच दिवशी आईला खाली बसवलं आणि तिच्या जागी मला उभं केलं.

आई धावत मालकांकडे गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली.

"वहिनी, मोजून झालंय," मालक म्हणाले. "आता कशाला नवीन काहीतरी काढता?"

बाबा शेजारीच उभे होते. "तिचं मनावर घेऊ नका, मालक. जागा गेली, ते सोसत नाही तिला."

आई पाठ फिरवून निघून गेली.

मी बाबांना एकटं गाठून विचारलं. त्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं दुखेपर्यंत. "काळजाने थोडंच धरायचंय, बाळा? हात बघ माझे." मला त्यांचा राग येतो, अजून येतो. ते खोटं बोलले असते तर निदान भांडता आलं असतं. पण त्यांना ते अगदी मनापासून खरं वाटत होतं. आणि आईचं कितीही पटलं, तरी ते हात मी जन्मापासून ओळखत होते.

माझ्या पहिल्या खेळाला दुपारीच तंबू भरला. त्या दिवशी मोजणी पुन्हा होती, आणि या खेपेला अदलाबदल करायला कोणी नव्हतं. बाबांची रेघ पहिल्यापासूनच वेडीवाकडी उठली. बाईंनी पट्टा बदलला, दुसऱ्या पट्ट्यावरही तेच. "मागच्या वेळी किती छान होती यांची रेघ," त्या वैतागून म्हणाल्या. "हे पट्टेच बिघडलेत."

"पट्टा चांगलाय हो!" आई ओरडली. "पट्टा काय बघता, माणूस बघा!" दोघांनी तिला धरून बाहेर नेलं.

मी वर चढून फळीवर उभी राहिले. समोरून बाबांचा झोका आला.

"ये!"

मी झेप घेतली. माझी मनगटं त्यांच्या पकडीत बसली, घट्ट, अगदी नेहमीसारखी. आम्ही दोघं एका टोकाला गेलो, परत फिरलो, आणि मध्येच त्यांची बोटं उघडली.

मी जाळ्यात पडले. खांद्यातून कळ निघाली. उताणी पडल्या पडल्या वर पाहिलं, तर झोका पुढेमागे जात होता आणि दोरांत अडकलेल्या पायांवर बाबा लोंबकळत होते. हात खाली सुटलेले. लोकांना वाटलं, हाही खेळच. त्यांनी टाळ्यांनी तंबू डोक्यावर घेतला.

मी जीव खाऊन हाका मारत होते. त्या टाळ्यांत मला फक्त शेजारी बसलेल्या मोजणीवाल्या बाईंचा आवाज ऐकू आला. रेघ सपाट झालेल्या पडद्याकडे बघत त्या कोणाला तरी सांगत होत्या, "त्यांचा पट्टा सुटलेला दिसतोय."