अजून हवेत

आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबात माणसाला अक्कल आहे का, असं कुणी विचारत नाही. वहीत नोंद आहे का, एवढंच विचारतात.

मी फरशा बसवणारा माणूस. दोन हिवाळे तळघरात बसून मॉडेल हेलिकॉप्टर जुळवलं. मिथेनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालणारं. घराला जुलाबाच्या औषधाचा वास लागला म्हणून बायको माहेरी जाऊन आली.

सभासद व्हायला तीन रविवार, तीन धडे: उचलणं, तरंगत ठेवणं, उतरवणं. सभासद झालं की अरे-तुरे, तोवर अहो-जाहो. पंधरा वर्षं ज्याच्यासोबत बिअर पितो तो हेनिंगही मैदानात आला की मला अहो म्हणायचा, कारण तिथे तो शिक्षक. मला ते ‘अरे’ हवं होतं, बाकी काही नको.

तिसऱ्या रविवारी इंजिन पेटवणारा ग्लो प्लगच पेटेना. पाऊण तास त्यातच गेला. शेवटी हेलिकॉप्टर उठलं, छातीइतक्या उंचीवर भणभणत थांबलं. हेनिंग म्हणाला, “छान. आता उतरवायचं कसं, तर...” आणि चर्चमध्ये एकचा टोला पडला.

मैदानप्रमुख ओटमार खुर्चीतून उठला. “दुपारची शांतता. एक ते तीन आवाज बंद, गावाचा नियम. इंजिन बंद करा.”

“बंद केलं तर पडेल की हो.”

“तो तुमचा प्रश्न.”

हेनिंगने रिमोटकडे हात नेला. ओटमार म्हणाला, “एकनंतर शिकवणंसुद्धा बंद आहे, हेनिंग. या नियमाला तूच मत दिलं होतंस.” हेनिंगने हात खिशात घातला. हाच तो पंधरा वर्षांचा मित्र.

मग तोंड न हलवता पुटपुटला, “ओढ्यापलीकडे दुसरी ग्रामपंचायत. त्यांची शांतता बारा ते एक, म्हणजे आत्ताच संपली. शेपटी स्वतःकडे ठेवा, मागून चालत राहा.”

मी चाललो. यंत्र पुढे, मी मागे, गुडघ्यापर्यंत ओढ्यात. पलीकडे बिटाचं शेत. तिथे टाकी आटली, इंजिन खोकलं आणि हेलिकॉप्टर हळूच बसलं. शिकाऊंचं यंत्र कलंडू नये म्हणून त्याच्या पायांखाली बांधलेल्या आडव्या काठ्या, त्यांच्या टोकांचे पिंगपाँगचे चेंडू, पाती, सगळं धड.

हेनिंग काठावरून ओरडला, “उतरवलंस की रे, फोल्कर.”

“सभासद नसलेल्याला अरे?” ओटमारने त्याला झापलं आणि वही उघडली. उड्डाण बारा अठ्ठेचाळीस. उतरल्याची वेळ: रकाना कोरा. आमच्या मैदानावर उतरलं नाही, म्हणजे उतरलंच नाही.

पुढच्या रविवारी हेलिकॉप्टर काखेत घेऊन गेलो. ओटमारने वही दाखवली. “तुमचं यंत्र हवेत आहे. हवेतलं यंत्र पुन्हा उडवता येत नाही.”

मी ते त्याच्या टेबलावर, त्याच्या कॉफीशेजारी आपटलं. तेलाचा थेंब वहीवर पडला. त्याने टिपकागदाने तो हलकेच टिपला.

सहा आठवडे झाले. दर रविवारी मी जातो, हेलिकॉप्टर मांडीवर घेऊन बाकावर बसतो. ओटमार येतो, माझ्या डोक्यावरून आभाळात बघतो आणि काळजीने विचारतो, “इंधन पुरतंय ना तुम्हाला?”