हीटरजवळच्या खुर्च्या

"हीटरजवळ या लोकांना कोण बसवतं?" तपासणीला आलेल्या बॅनरमनबाईंनी विचारलं.

"मी," ग्लेनिस म्हणाली, आणि म्हणताना खुर्चीत जरा ताठ झाली.

या दवाखान्याच्या काचेच्या खिडकीमागे तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. नियम सगळीकडचाच होता. सकाळी आठला फोन सुरू व्हायचे आणि लोक पहिला चहा संपवतात न संपवतात तोच डॉक्टरांना भेटायच्या त्या दिवसाच्या सगळ्या वेळा संपायच्या. ज्यांचा फोन लागत नसे ते काठी टेकत दारात येत. ग्लेनिस त्यांचा चेहरा निरखून बघायची आणि एखाद्याला म्हणायची, "बस जा हीटरजवळ." त्या चार खुर्च्यांवर जो बसला त्याला डॉक्टर फेनविक त्याच दिवशी बघणार, सँडविच अर्धं टाकून बघणार, हे बंदरावरच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. एका तान्ह्या मुलीला तिने असंच बसवलं आणि मेंदूज्वरातून पोर वाचली. तेव्हापासून ग्लेनिसची नजर गावात म्हणीसारखी झाली होती, आणि खोटं कशाला बोला, तिलाही ते आवडायचं.

"यासाठी काही प्रशिक्षण झालंय तुमचं?"

"या गावातला माणूस दारातून आत आला की मला कळतं."

बॅनरमनबाई वाईट नव्हत्या. आवाज मऊ होता, बूट साधे होते. त्यांनी विचारलं, "आणि ज्यांना तुम्ही बसवत नाही ते?"

"ते घरी जातात. दुसऱ्या दिवशी आठला फोन करतात."

"सगळे करतात?"

ग्लेनिसने टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं.

आतल्या खोलीत दुसरे तपासनीस कपाटं उघडत होते. ऑक्सिजनची नळकांडी रिकामी निघाली. तातडीच्या इंजेक्शनांची मुदत उलटून गेली होती. लसींचा फ्रिज किती गार आहे हे कित्येक दिवसांत कुणी बघितलं नव्हतं. प्रत्येक गोष्टीला डॉक्टर "हो, राहून गेलं खरं," एवढंच म्हणत होते. त्यांच्याबरोबरचे दोन्ही डॉक्टर शहरात निघून गेले, जाहिरात देऊन देऊन नवा कुणी या टोकाच्या गावात आला नाही, आणि बायको गेल्यापासून त्यांचं स्वतःचंही बरंच राहून गेलं होतं. वय झालं होतं, पण खुर्ची सोडली तर गावाचं काय, या एका काळजीवर ते रोज कोट चढवत.

बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या मॉरिसने हाळी दिली, "ग्लेनिस, हे भिंतीवरचं घड्याळ आज बरोबर चालतंय गं. पाहुणे रोज येऊ देत."

"तू तोंड मिट आणि खोकला दाबून ठेव," ती म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढा एक दिवस निभावला की झालं, असं तिच्या मनात होतं.

तेवढ्यात ईनिड ट्रँटर आली. रक्तदाब तपासायची वेळ तिने नीट फोन करून घेतली होती, तरी ग्लेनिस तिला नेहमी हीटरजवळच बसवायची. गेल्या फेब्रुवारीपासून.

फेब्रुवारीत ईनिडचा नवरा लेन याच खिडकीशी उभा होता. आयुष्यभर समुद्रावर मासेमारी केलेला गडी, पोटावर हात ठेवून हसत होता. "कालचे मासे बोकांडी बसलेत बघ. पोट नुसतं तटतटलंय."

"घोड्यासारखा धडधाकट आहेस तू," ग्लेनिस म्हणाली होती. "घरी जा, सोडा घे. उद्या आठला फोन कर."

"मला टाळतेस काय? ईनिडला सांगेन हं," असं म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी आठला फोन वाजला तो ईनिडचा होता. तिला डॉक्टर नको होता, मृत्यूचा दाखला हवा होता. लेन आदल्या दिवशी येऊन गेला हे ग्लेनिसने डॉक्टरांना सांगितलं नाही.

आता बॅनरमनबाई ईनिडशेजारी जाऊन बसल्या. काचेमागून ग्लेनिसला नुसते ओठ हलताना दिसत होते. ईनिडने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाईंनी लिहायचं थांबवलं आणि नुसत्या ऐकत राहिल्या. ग्लेनिसच्या कानाशी फोन होता, पलीकडून कुणी काय बोलत होतं ते तिला समजलंच नाही.

मग ईनिड खिडकीशी आली. "लेनचं सांगितलं मी त्यांना."

"बरं केलंस."

"येताना ठरवून आले होते, बोलायचं नाही म्हणून. पण त्यांनी विचारलं गं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

"मला कधी बोलली नाहीस तू."

"तुला काय बोलणार? मातीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तू सँडविचेस घेऊन दारात उभी." ईनिडने पर्सचा चाप लावला. "छान झाली होती हं सँडविचेस."

ग्लेनिसचे डोळे भरले, आणि तिने ते पुसलेही नाहीत. ईनिड रागावली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पाहुणे गेल्यावर डॉक्टर चहाचा कप घेऊन तिच्याजवळ आले. "माझीच चूक, ग्लेनिस. खुर्च्या तू मांडल्यास, पण मांडू मी दिल्या."

"लेन आदल्या दिवशी आला होता, ते मी तुमच्यापासून लपवलं."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. मग बशीतलं आल्याचं बिस्किट त्यांनी तिच्याकडे सरकवलं आणि आपल्या खोलीत गेले.

तपासणीचा अहवाल आला, आणि पानगळ सुरू झाली तेव्हा दवाखान्याला टाळं लागलं. दारावरची पितळी पाटी डॉक्टरांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली. लोकांची नावं खाडीपलीकडच्या मोठ्या आरोग्य केंद्रात गेली, दोन बस बदलून जायचं. पावाच्या दुकानात कुणीसं म्हणालं, ईनिडने तोंड उघडलं नसतं तर. ग्लेनिस रांगेतून मागे वळली. "तिने खरं सांगितलं. न सांगणारी मी होते," ती म्हणाली, आणि पाव न घेताच बाहेर पडली.

डिसेंबरात ईनिडचा फोन आला. "काही नाही गं, जरा धाप लागते. त्या केंद्राचा फोन काही लागत नाही."

"कोट घाल. मी आले."

दोन बस बदलून त्या पोहोचल्या. नव्या केंद्रातल्या खुर्च्या जमिनीला पक्क्या ठोकलेल्या, रांगेत, एकमेकींसारख्या. खिडकीतली पोरगी नखं रंगवलेली, कामसू, घाईत होती. तिने मान उंचावून ईनिडकडे बघितलं. थंडीने ईनिडचे गाल गुलाबी झाले होते आणि ती ओळखीच्या कुणाला तरी हात हलवत होती.

"बऱ्या दिसतायत की आजी," पोरगी म्हणाली. "उद्या सकाळी आठला फोन करा ना."

ग्लेनिसने वळून ईनिडचा चेहरा बघितला, पूर्वी बघायची तसाच, नीट. चेहरा चांगला होता. आपल्या खिडकीत असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

"मलाही बरीच दिसतेय," ती म्हणाली. "पण चेहऱ्यावरून मला काही कळत नाही, बाळ. तुलाही नाही कळणार. ज्याला कळतं त्याला बोलव."

पोरगी क्षणभर घुटमळली, मग उठून आत गेली. मागे रांग वाढत होती. ग्लेनिस खिडकीच्या कडेला हात टेकून तशीच उभी राहिली, बाहेरच्या बाजूला.