गोजर कारल्याची परीक्षा

उगवण चाचणीच्या चौदाव्या दिवशी प्रयोगशाळेत विशाखाने ओल्या कागदाच्या आठ गुंडाळ्या उलगडल्या. प्रत्येकीत पन्नास, म्हणजे कारल्याच्या एकूण चारशे बिया. उगवलेल्या एकशे छप्पन्न, कुजलेल्या अकरा, आणि ना उगवलेल्या ना कुजलेल्या, ठेवल्या तशाच पडून राहिलेल्या दोनशे तेहतीस. तिने पुन्हा मोजलं. बेरीज चारशेच भरली. उगवण एकोणचाळीस टक्के.

कायद्याने साठ लागते.

चिकलठाण्याच्या ‘परसदार बियाणे’ कंपनीत पहिल्यापासून एक रिवाज होता. जिने एखाद्या वाणाचं पहिलं मूठभर बी आणलं, तिचं नाव त्या वाणाला, तेही पाकिटावर छापील. द्वारकाबाई दोडका, आवडा घेवडा, गोजर कारलं. गोजरबाईंनी ते कारलं एकतीस वर्षांपूर्वी पाचोडच्या माहेराहून पदराला बांधून आणलं होतं. त्या अजून पॅकिंगला यायच्या, रोज फुलंब्रीहून, आणि एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही आपल्या नावाचं पाकीट काढून दाखवायच्या. नव्या वर्षाची यादी पंचवीस तारखेला छपाईला जायची होती. साठच्या खाली गेलेला वाण यादीतून जातो, आणि नावही.

“नियम म्हणजे नियम,” मालक आप्पासाहेब आकडा बघून म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. “पण गोजरबाईला तुम्हीच सांगा. माझ्यात तेवढी हिंमत नाही.”

विशाखा पॅकिंगच्या हॉलमध्ये पोचली तेव्हा बातमी तिच्या आधीच पोचलेली होती. जेवणाचे डबे उघडले होते.

“आमचा घेवडा अठ्ठ्याऐंशी टक्के!” आवडाबाई सांगत होत्या. “गोजरे, तुजं कारलं नापास झालं म्हणं?”

“नापास नाय, झोपलंय,” गोजरबाई म्हणाल्या. “तुज्या घेवड्यावाणी उतावीळ नाय ते.”

बाया खदखदून हसल्या. विशाखाने मात्र पाहिलं, गोजरबाईंची भाकरी मोडलेलीच नव्हती.

ती तशीच प्रयोगशाळेत परतली आणि त्या दोनशे तेहतीस बिया पुढ्यात घेतल्या. एकीवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला आणि घरंगळून गेला. दुसरीवर, तिसरीवर, तेच. गुंडाळीचा कागद उजेडात धरला, तर त्यावर पारदर्शक डाग. विशाखाने बी नाकाशी नेली आणि तडक हॉल गाठला.

“मावशी, नमुना कसा काढला होता तुम्ही?”

“तूच म्हनलीस ना, चारशे बिया परीक्षेला द्या. येक येक निवडून दिली.”

“आणि एरंडेल?”

“मंग? लेकरू परीक्षेला धाडायचं तर डोक्याला तेल नाय घालायचं? मला वाटलं, तू त्या भिंगातून बघून मार्क देती. कशी चकचकीत दिसत व्हती, खरं सांग!”

“मावशी, तेलामुळं आत पाणीच शिरलं नाही.”

“घरी तुरीला लावते, लई टिकती.”

“तूर तुम्ही खाता. ही उगवायची होती.”

गोजरबाईंचा चेहरा उतरला. आवडाबाईंना एवढी संधी पुरे होती. “तेल चोपडून नापास केलंस गं सोताच्या लेकराला!”

गोजरबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मोर्चा विशाखाकडे वळवला. “पर म्याडम, नमुना आनायला मला का धाडलं? आधीचे सायेब सोता टोकदार नळी घिऊन पोत्यात खुपसायचे.”

विशाखाचे कान तापले. नमुना चाचणी करणाऱ्यानेच काढावा, हे तिने परीक्षेत दोनदा लिहिलं होतं आणि दोन्हीदा पूर्ण गुण मिळवले होते. पण नमुन्याच्या दिवशी उकाडा होता, आणि पोती माळ्यावर.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“व्हय ना? मंग दोघी बी नापास,” गोजरबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी मोडली.

त्या दिवशी दहा तारीख होती. चाचणीला चौदा दिवस लागतात. विशाखा दुपारीच माळ्यावर चढली आणि प्रत्येक पोत्यात वर, मध्ये, तळाशी नळी घालून तिने नमुना काढला. गोजरबाईंना शेजारी उभं राहायची परवानगी होती, हात पाठीमागे बांधून. “चोरावानी उभं केलंय बघा,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, पण हात सोडले नाहीत. पुढे रोज येताजाता दारातून विचारायच्या, “निस्तं तोंड तरी दाखव की येकाचं!” विशाखा दार लावून घ्यायची.

चोवीस तारखेला तिने गुंडाळ्या उलगडल्या तेव्हा आप्पासाहेब काहीतरी काम काढून आले होते. आवडाबाई गोजरबाईंना खेटून उभ्या होत्या. विशाखाने मोठ्याने मोजलं. पहिल्या शंभरात त्रेसष्ट. दुसऱ्यात एकोणसाठ. तिसऱ्यात साठ. चौथा शंभर तिने दोनदा मोजला, मग नोंदवहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं.

“चौथ्यात बासष्ट. चारशेपैकी दोनशे चव्वेचाळीस. उगवण एकसष्ट टक्के.”