यादीत एकच नाव

चार वाजून वीस मिनिटांनी धाकटी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभी होती. पाच वाजायच्या आत तिला एका बाईला तोंडावर सांगायचं होतं की मी तुम्हाला दिलेला शब्द मोडतेय.

धाकटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. इंटर्न म्हणून रुजू झाली तेव्हा साऱ्या तुकडीत लहानखुरी दिसत होती, म्हणून सिस्टरांनी ते चिकटवलं आणि ते चिकटलं. जिला सांगायचं होतं ती बाई म्हणजे सर्जरीच्या विभागप्रमुख. त्यांना सगळं इस्पितळ नुसतं मॅडम म्हणे. मॅडम तिथे आणखी दहा होत्या, पण त्यांना आडनावं लावावी लागत.

मॅडमची एक रीत होती. पोटातली गाठ काढताना कापलेल्या कडेला रोग उरलाय की नाही ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मग कडेचा तुकडा खालच्या मजल्यावर पॅथॉलॉजीत जातो. तिथे तो गोठवतात, पातळ कापतात, रंगवतात, काचेवर घेऊन बघतात आणि वर फोन करतात. आहे, किंवा नाही. याला सगळे फ्रोझन म्हणतात. फोन येईपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटं सर्जनने धुतलेले, हातमोजे घातलेले हात छातीशी धरून नुसतं उभं राहायचं. हाच मॅडमचा दरबार. रजा, ड्यूट्या, भांडणं, सगळं त्या वेळात निकालात निघे. लोकही नेमकी तीच वेळ गाठत, कारण तेव्हा मॅडमना फाइल फेकून मारता येत नसे.

तीन आठवड्यांपूर्वी अशाच एका दरबारात मॅडमनी धाकटीला विचारलं होतं की पुढची तीन वर्षं रेसिडेंट म्हणून माझ्याकडे येणार का, पहिल्या नंबरावर मला लिहिणार का. टेबलाभोवती सात माणसं होती. धाकटीने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "येणार, मॅडम. नक्की," ती म्हणाली. तेव्हा तिला ते खरंही वाटलं होतं. मॅडमनी इतक्या जणांतून आपल्याला निवडलं, या आनंदात माणूस कशालाही नक्की म्हणतो.

रेसिडेंटची निवड यादीवर होते. शिकू पाहणारा आपल्या पसंतीची यादी कॉम्प्युटरवर पाठवतो, विभाग त्यांच्या पसंतीची पाठवतो. ठरलेल्या दिवशी पाच वाजता दोन्ही याद्या बंद होतात आणि जोड्या लागतात. कुणी कुणाला कितवं लिहिलं ते कुणालाच दिसत नाही. त्यामुळे शहाणे विभागप्रमुख एका जागेसाठी पाच नावं देतात. मॅडम एकच देत. आमच्याकडे शब्द चालतो, असं त्या अभिमानाने सांगत. शब्द मिळालेला असला की याद्या बंद व्हायच्या दोन दिवस आधी बाकीच्यांना त्या स्वतः फोन करून कळवत की जागा भरली, उगाच वाट बघू नका.

शब्द देऊन झाल्यावर धाकटीची शेवटच्या महिन्याची पाळी पॅथॉलॉजीत लागली. तिथे इंटर्न झोप काढायला जात. काचवाले सर, म्हणजे तिथले प्रमुख, कुणाला काही म्हणत नसत. पण चौथ्या दिवशी मॅडमच्याच थिएटरमधून फ्रोझन आलं आणि सरांनी मायक्रोस्कोपची दुसरी नळी तिच्याकडे वळवली. वर सात जण श्वास धरून उभे होते, हे तिला ठाऊक होतं. खाली दोन माणसं काही न बोलता जांभळ्या ठिपक्यांत शोधत होती. कोपऱ्यात तीन ठिपके वेडेवाकडे, मोठ्या काळ्या केंद्रांचे. तिने ते सरांच्या आधी पाहिले. त्या दिवशी ती जेवायची विसरली. सर्जरीत टेबलाशी उभी असताना ती पाय बदलत घड्याळाकडे बघे, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इथे ती सुखी होती, अगदी उघडउघड सुखी, आणि शब्द मात्र वर देऊन बसली होती.

काचवाल्या सरांनी काही कबूल केलं नव्हतं. नाव यादीत ठेवीन, कितवं ते सांगणार नाही, एवढंच. म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी. घरी फोन केला तर आई म्हणाली की काचा बघायला सहा वर्षं शिकलीस का, आणि मावशीला आता मी काय सांगू. वडील सुतार. त्यांनी आईकडून फोन घेतला. मग म्हणाले, "शब्द मोडायचाच तर समोर उभं राहून मोड. पाठीमागून मोडलास तर ती लबाडी."

हे ऐकून तीन दिवस झाले होते. तीन दिवस धाकटी रोज थिएटरपर्यंत येऊन परत जात होती. आज परत जायला उद्या उरला नव्हता.

ती टोपी-मास्क लावून आत गेली. वेळ अगदी बरोबर साधली होती, तुकडा नुकताच खाली गेला होता. मॅडम हात छातीशी धरून उभ्या होत्या. समोर ताई, म्हणजे त्यांची सीनियर रेसिडेंट, दोन्ही हातांनी जखम उघडी धरून ठेवत होती. उशाशी भूलवाले डॉक्टर, बाजूला सिस्टर. ताईच्या रजेचाच विषय चालला होता. ताईचा मुलगा अडीच वर्षांचा. तो सासरी असायचा आणि आता जावेला आई म्हणायला लागला होता. नवी रेसिडेंट आली की तीन महिने ताईला सोडायचं, असं ठरलेलं होतं.

"ही बघ, आली तुझी सुट्टी," मॅडम धाकटीकडे बघून म्हणाल्या. ताईचे डोळे मास्कच्या वरून हसले.

धाकटीला वाटलं, आता पाठ फिरवावी. गुपचूप यादी बदलावी आणि पुढच्या आठवड्यात निकाल लागला की म्हणावं, बाई गं, मशिनने असं कसं केलं. कुणालाही कळलं नसतं.

"मॅडम, मी येत नाही," ती म्हणाली. "मला पॅथॉलॉजी करायचंय. पहिल्या नंबरावर मी ते लिहिणार आहे."

भूलवाले डॉक्टर उगाच सलाइनच्या बाटलीकडे बघू लागले. मॅडम ओरडल्या असत्या तर धाकटीला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. चार एकतीस.

"हे कधी ठरलं?"

"दहा-बारा दिवस झाले."

"दहा दिवस," मॅडम म्हणाल्या. "मी परवा डावखुऱ्याला नाही म्हणून कळवलं."

डावखुरा धाकटीच्याच तुकडीतला. डाव्या हाताने टाके घालायचा आणि सर्जरीसाठी जीव टाकायचा. मॅडमकडे तो तीनदा येऊन गेला होता. ती चार दिवस आधी बोलली असती तर जागा त्याची होती. दाराशी घुटमळण्याची किंमत दुसराच कुणी भरतो, हे धाकटीच्या डोक्यात एवढे दिवस आलंच नव्हतं.

मॅडमनी मग भराभर सांगितलं. ऑफिसात जायचं, कॉम्प्युटर उघडाच आहे, डावखुऱ्याला फोन लावायचा. तो तयार असेल तर विभागाच्या यादीत त्याचं नाव घालायचं आणि त्याला त्याची यादी लगेच बदलायला सांगायची. "आणि तुझं नाव तूच काढ," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या नंबरावर मला लिहिणारं माणूस मला नको."

ऑफिस जिन्याच्या टोकाशी होतं. पडद्यावर विभागाची यादी होती आणि तिच्यात एकच ओळ, धाकटीचं पूर्ण नाव. फोन पहिल्यांदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याने उचलला तेव्हा चार बेचाळीस झाले होते.

तिने सगळं एका दमात सांगितलं.

"मी कालच दुसरीकडे हो म्हणालो," तो म्हणाला. "लहान इस्पितळ आहे. त्यांनीही माझ्यावर विसंबून बाकीच्यांना नाही कळवलंय."

"अजून अठरा मिनिटं आहेत. तुला तर मॅडमकडेच यायचं होतं ना?"

"यायचं होतं." त्याचा आवाज जड झाला. "पण तू जे केलंस ते मी त्यांना करू? नको. ठेवतो."

धाकटी खुर्चीत बसून राहिली. आता तिने नाव काढलं की यादी कोरी, जागा वर्षभर रिकामी, आणि ताई इथेच. नाव राहू दिलं तर? आपल्या यादीत पॅथॉलॉजी पहिलं, सर्जरी दुसरं. काचवाल्या सरांनी नाही घेतलं तर निदान इथे जागा पक्की. ताईलाही आशा. मॅडमना पत्ताही लागणार नाही. तिने ताईसाठी म्हणून ते घटकाभर मनात घोळवलं आणि मग स्वतःशीच कबूल केलं की हे ताईसाठी नाही, आपल्यासाठी आहे. पडलोच तर मऊ जागी पडावं एवढंच. आणि पडलोच, तर ताईच्या जागी नको असलेल्या टेबलाशी पुन्हा पाय बदलत उभं राहायचं, आणि मॅडमनी ज्याला नको म्हटलं तेच लपवून त्यांच्या गळ्यात बांधायचं. पुन्हा पाठीमागूनच.

तिने नाव काढलं. यादी कोरी आहे, पाठवायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने हो म्हटलं. मग स्वतःच्या फोनवर पॅथॉलॉजी वर घेतलं, सर्जरीची ओळ पुसून टाकली आणि तेही पाठवलं. चार त्रेपन्न.

ती परतली तेव्हा खालून फोन येऊन गेला होता. कडेला रोग होता. मॅडम आणखी बोटभर आतडं काढायच्या कामाला लागल्या होत्या.

"डावखुऱ्याला लागला फोन?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"लागला. तो नाही म्हणाला. त्याने तिकडे शब्द दिलाय. मी माझं नाव काढलं. यादी कोरी गेली."

चिमट्याचा आवाज झाला, दोरा कापला गेला.

"आता खालून 'आहे' म्हणाले," मॅडम म्हणाल्या. "मी उलटून विचारलं नाही, नक्की का. कापायला घेतलं. तुझं जमलं तर उद्या तिथे तू बसशील. तू 'आहे' म्हणशील तेव्हा मी काय करायचं?"

"मला ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणेन," ती म्हणाली. "त्या दिवशी इथे तेच म्हणायला हवं होतं. तुम्ही मला निवडलंत ते इतकं गोड वाटलं, की नक्की म्हणाले."

मॅडमनी पुढचा टाका घेतला, तो बांधला, त्याच्या पुढचा घेतला. मग आवाज जरा उतरवून म्हणाल्या, "ताई, रजेचं आता..."

"कळलं मला, मॅडम," ताई म्हणाली.

तिच्या हातांतली जखम तशीच उघडी होती, तसूभरही हलली नव्हती. पण डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. सिस्टर मागून आली. सर्जनच्या कपाळाचा घाम टिपतात तसे तिने कापडाने ताईचे डोळे टिपले, आधी एक, मग दुसरा.

धाकटीचे दोन्ही हात मोकळे होते. ती तिथेच उभी राहिली, आणि पाच वाजले.