बिंजारामच्या ढाणीवरचे टाके

मित्रांनो, जोधपूरच्या छावणीबाहेर एक लहानशी बाग आहे. तिथे सिमेंटच्या ओट्यावर उभी असलेली मी एक जुनी क्षेपणास्त्रगाडी आहे. तुमची सहल येते तेव्हा तुम्ही माझ्या चाकावर पाय देऊन वर चढता, पाठीवरच्या रिकाम्या नळ्यांत तोंड घालून हाका मारता आणि खाली उतरल्यावर मला सलाम करता. तो सलाम माझ्या अंगाला टोचतो. का टोचतो, ते आज सांगते.

माझ्या कुळाचे नाव गगनछत्र. आम्ही तिघी बहिणी. एकीच्या डोक्यावर रडार होते, ती लांबवरचे आकाश पाही. दुसरीच्या पोटात बसून माणसे विचार करीत आणि हुकूम देत. मी तिसरी. माझ्या पाठीवर क्षेपणास्त्रांच्या नळ्या होत्या आणि मला चार लोखंडी पाय होते. मुक्कामी पोचले की ते पाय जमिनीवर टेकायचे, चाकांवरचा भार त्यांच्यावर घ्यायचा आणि मग नळ्या उभ्या करायच्या. आम्हाला हवे तसे जोडता येई, सोडवता येई. आकाश पाहायला मला स्वतःचे डोळे नव्हते. सांगतील तिकडे मी तोंड करी.

समुद्रकाठच्या चाचणीत माझा पहिला नेम अचूक लागला. ज्यांनी मला घडवले ते पांढऱ्या केसांचे इंजिनियर भर उन्हात एकमेकांच्या गळ्यात पडले. माझ्या कपाळाला कुंकू लागले, चाकाखाली लिंबू ठेवले गेले. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट बसली. मी ज्यांच्यासाठी उभी राहीन त्यांनी माझे उपकार मानावेत, असे मला वाटू लागले.

माझे सारथी हवालदार पूरन बिष्ट. कुमाऊंच्या डोंगरातला माणूस, बोलायला मऊ. पाय टेकवण्याआधी ते खाली उतरत, टाचेने जमीन ठोकून बघत आणि मगच कळ दाबत. "बाई, जपून," असे ते मला म्हणत. मला बाई म्हणणारे ते एकटेच.

त्या वर्षी सीमेवर तणाव वाढला आणि आम्हा तिघींना बाडमेरच्या वाळूत पांगवून ठेवले. माझ्या वाट्याला बिंजारामची ढाणी, म्हणजे वाळूतली एकाकी वस्ती, आली. चार गोल झोपड्या, खेजडीची काही झाडे, शेळ्या आणि एक उंट. घरात म्हातारा बिंजाराम, त्याची सून हंजा आणि हंजाची मुलगी झमकू. हंजाचा नवरा दूर मिठागरात कामाला होता. आखातीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झमकूचे लग्न ठरले होते.

पहिल्याच दिवशी हंजा ओढणी सावरत बिष्टांपाशी आली.

"फौजीदादा, तुमचं हे धूड कुठंही उभं करा. आमची ना नाही. फक्त त्या गोल अंगणात नको. आमची पोरगीसुद्धा तिथं जुती काढून जाते."

"देवाची जागा आहे का, ताई?"

"देवाचं काय, तो पाण्याविना राहतो. आम्हाला नाही राहता येत."

ते अंगण म्हणजे त्यांच्या टाक्याचा चौथरा होता. चुना आणि मुरूम ठोकून केलेला, मध्याकडे उतरता. पाऊस पडला की चौथऱ्यावरचे पाणी मधल्या भोकातून खालच्या टाक्यात उतरे. तेच वर्षभर पुरवायचे. जवळची विहीर खारी होती. त्या साली हंजाने पाणी मुठीत धरून वापरले होते, कारण वऱ्हाडाला जेवू घालायचे होते. आंघोळीचे पाणी शेळ्यांना, भांडी वाळूने. तरीही आम्ही आलो तेव्हा तिने प्रत्येक जवानाला लोटाभर गोड पाणी दिले. बिष्ट नको म्हणाले, तर म्हणाली, "दारात आलेल्याला पाणी विचारायचं नाही, द्यायचं असतं."

बिष्टांनी मला खेजडीच्या सावलीत, चौथऱ्यापासून लांब उभे केले. ढाणीतल्या लोकांना माझी सवय झाली. बिंजाराम माझ्या चाकाला टेकून चिलीम ओढी. त्याला मी आवडले होते असे मला वाटे.

मग एका सकाळी धोक्याचा इशारा आला. रडारवाल्या बहिणीने पश्चिमेला काहीतरी पाहिले होते. पुष्कळ ठिपके, सावकाश येणारे. मी होते तिथून झाडे आड येत होती. आमचे मेजर अय्यप्पा जीपमधून उतरून धावत आले.

"बिष्ट, गाडी उघड्यावर घे. कडक जमीन कुठंय?"

"साहेब, कडक जमीन चौथऱ्याचीच. पण खाली टाकं आहे."

"टाक्याचं तोंड दिसतंय ना? त्याच्यापासून दूर ठेव, कडेनं घे. वाळूत पाय रुतले तर नेम चुकेल. आता वेळ नाही."

हंजा झोपडीतून धावत येताना बिष्टांना दिसली. तिने दोन्ही हात वर केले होते. "तिथं नको, दादा, तिथं नको," असे ती म्हणत होती. बिष्टांचा पाय क्षणभर ब्रेकवर गेला. मेजरसाहेबांनी पुन्हा "चल" म्हटले. मी चौथऱ्यावर चढले.

त्या दिवशी बिष्टांनी टाचेने जमीन ठोकून पाहिली नाही.

टाक्याचे तोंड लहान असते, मित्रांनो, पण पोट मोठे असते. ते चौथऱ्याखाली दूरवर पसरलेले असते. माझे तीन पाय टेकले. चौथा टेकला, त्याच्यावर भार आला आणि खालचे दगड खचले. माझा पाय पोकळीत गेला. पायातली तेलाची नळी फुटली आणि काळे, जाड तेल खाली गळू लागले. ते पाण्यावर पडल्याचा आवाज मी ऐकला. बारीक आवाज होता. माझ्या क्षेपणास्त्राचा गडगडाट मी विसरले, पण तो आवाज विसरले नाही.

थोड्या वेळाने निरोप आला की धोका नाही. ते ठिपके म्हणजे मेलेल्या उंटावर उतरणारी गिधाडे होती.

हंजा चौथऱ्यावर पालथी झोपली आणि टाक्यात डोकावली. पाणी होते. भरपूर होते. त्याच्यावर मोरपिसासारखे रंग फिरत होते. तिने दोरीने लोटा सोडून पाणी वर काढले, त्यात बोटे बुडवून वास घेतला आणि बोटे वाळूला पुसली. आरडाओरडा केला नाही. बिष्टांकडे बघून एवढेच म्हणाली, "झमकूच्या लग्नाचं पाणी होतं हो."

म्हातारा बिंजाराम काठी टेकत आला. माझ्या वाकड्या पायाकडे आणि मग मेजरसाहेबांकडे त्याने पाहिले.

"साहेब, ही तुमची गाडी ढगापलीकडचं ओळखते म्हणता. आणि हिला पायाखालचं नाही कळलं?"

"बाबा, मी भरपाईसाठी वर लिहितो," मेजरसाहेब म्हणाले. त्यांची मान खाली होती.

"लिहा. पण तहान काय कागद वाचते?"

मेजरसाहेबांनी वर विचारले. वरून उत्तर आले की ही गाडी तिथे आहे हे गुपित आहे, तणाव संपेपर्यंत त्याबद्दल काही लिहायचे नाही. पाण्याचा टँकरही पाठवता येणार नाही, शत्रूला जागा कळेल. म्हणजे मी तिथे नव्हतेच. जी तिथे नव्हती, तिच्याकडून टाके फुटेल कसे?

मला उचलायला क्रेनही येईना, त्याच कारणाने. मी जाळीखाली झाकलेली, एक पाय त्यांच्या पाण्यात, तशीच अडकून राहिले. चोर चोरी करून पळून तरी जातो. मला तेवढीही सोय नव्हती. ढाणीतले जे घडे ते सारे माझ्यासमोर घडे.

जवानांनी आपल्या पिंपांतले पाणी दिले. त्यात माणसे भागली, जनावरे भागली नाहीत. हंजा आणि झमकू डोक्यावर घडे घेऊन खाऱ्या विहिरीवर जाऊ लागल्या. शेळ्या ते पाणी हुंगून तोंड फिरवीत. एक गाभण शेळी माझ्या पायापाशी यायची, गोड्या पाण्याच्या वासाने. बिष्ट तिला हाकलायचे, ती पुन्हा यायची. एका सकाळी ती चौथऱ्यावरच मरून पडलेली दिसली.

नवऱ्या मुलाकडून एक काका आला. त्याला आतली हकिकत सांगायची नव्हती, फौजेने तशी ताकीद दिली होती.

"टाकं फुटलं म्हणजे काय?" काका म्हणाला. "डागडुजी करत नव्हता का? पाण्याशिवाय वऱ्हाड बोलावता, उद्या आमची माणसं काय वाळू पितील?"

हंजा जाळीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघतसुद्धा नव्हती. "चूक आमचीच," ती म्हणाली. "जुनं टाकं होतं. लक्ष द्यायला हवं होतं."

माझा दोष तिने आपल्या डोक्यावर घेतला, मित्रांनो, आणि मी जाळीखाली गप्प होते. बिष्ट पलीकडे तोंड करून उभे होते.

लग्न झमकूच्या मामाच्या गावी करायचे ठरले. निघायच्या सकाळी उंटगाडीवर गाठोडी चढली. झमकू पिवळ्या ओढणीत बसली. हंजाने मात्र झाडू घेतला, जुती काढली आणि चौथरा झाडायला लागली. माझ्या चाकांभोवतीची वाळू लोटली, माझ्या गाडलेल्या पायाशी वाकून तिथलाही कचरा काढला.

"आई, आता कशाला झाडतेस?" झमकूने विचारले.

"घरातून मुलगी निघताना दार मळकं नसावं."

उंटगाडी टेकडीआड गेली. लग्नाची गाणी त्या दारात झालीच नाहीत.

तणाव निवळला. मला एकही क्षेपणास्त्र सोडावे लागले नाही. क्रेनने मला उचलले, नवा पाय बसवला, नवा रंग दिला. पुढच्या संचलनात मी रस्त्यावरून गेले तेव्हा ध्वनिक्षेपकावरचा माणूस म्हणाला, "वाळवंटातल्या घराघरांची राखणदार." लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी फुले उधळली. मला वाटले, एखाद्या तरी फुलाने माझ्यावर पडायला नकार द्यावा.

नंतर माझ्यापेक्षा हलक्या आणि हुशार गाड्या आल्या. मला इथे आणून उभे केले. सुरुवातीला रोज पुसत, आता नळ्यांत चिमण्यांची घरटी आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मागच्या हिवाळ्यात बिष्ट आले. निवृत्त झालेत, केस पिकलेत. माझ्या चाकापाशी बसून त्यांनी सारे सांगितले. भरपाई मिळाली, पण फार उशिरा. त्याआधीच ते दरवर्षी सुट्टीत ढाणीवर जात, हंजाच्या नवऱ्याबरोबर माती उपसत. आता झोपड्यांच्या पलीकडे नवे टाके आहे. जुन्याच्या चुन्यातून तेलाचा वास गेला नाही, ते बुजवले. बिंजाराम नवे पाणी बघायला राहिला नाही.

"मी तिची माफी मागितली, बाई," ते मला म्हणाले. "ती म्हणाली, 'दादा, तुमच्यावर राग नाही. पण तुम्हाला एक विचारू? त्या दिवशी मी हात वर केले होते. तुम्ही बघितलं होतं ना?' मी हो म्हटलं."

बिष्ट उठले, माझ्या पाटीवरचा मजकूर वाचला आणि निघून गेले. पाटीवर माझा पल्ला आणि माझा वेग लिहिलेला आहे. टाक्याचे नाव नाही.

म्हणून मित्रांनो, मला सलाम करू नका. तुम्ही मोठे व्हाल, कुणी फौजेत जाल, कुणी रस्ते बांधाल, कुणी धरणे. लोकांचे भले करायला तुम्ही त्यांच्या दारात जाल. तेव्हा आधी दारात थांबा आणि विचारा, पाय कुठे ठेवू? आणि कुणी हात वर करून "तिथं नको" म्हणाले, तर वेळ नसला तरी थांबा.