खिडकीत बसलेली नमुन्याची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्यात खाऊ शोधू नका, सापडणार नाही. माझ्यात वाटाण्यांचा नमुना असतो.

मी आणि माझी जुळी बहीण एकाच भट्टीत जन्मलो. सूप बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकांनी आम्हाला विकत आणले. दरवर्षी पेरणीआधी वाटाणे पिकवणाऱ्या काकू त्यांच्याकडे येत आणि दोघे वायदा लिहीत: सहा महिन्यांनी इतकी पोती, या दिवशी, या भावाने. मग बाजार चढो की पडो, भाव तोच. त्यामुळे काकू निर्धास्त पेरणी करत आणि मालकही निश्चिंत असत. माल कसा हवा याची खूण म्हणून गेल्या हंगामातले सुके हिरवे वाटाणे आम्हा दोघींत भरून वर लाखेची मोहर लावत. मी मालकांकडे राही, बहीण काकूंच्या कपाटात.

एका वर्षी मालकांनी मला हौसेने खिडकीत ठेवले. येणारा-जाणारा म्हणे, "वा, काय हिरवेगार वाटाणे!" माझा तोरा काय विचारता!

त्याच वर्षी वाटाण्याचा भाव दीडपट झाला. मालकांनी दुकानदारांना सूप जुन्याच दराने कबूल केले होते. काकूंचा माल हातचा गेला असता, तर कारखान्याला टाळेच लागले असते.

ठरल्या दिवशी काकू आणि त्यांची मुलगी पोती घेऊन आल्या. मालकांनी माझी मोहर फोडली, वाटाणे ताटात ओतले आणि त्यांचा चेहरा पडला. ऊन खाऊन माझे वाटाणे पिवळे पडले होते. शेजारी काकूंचा माल हिरवागार!

मुलगी म्हणाली, "आई, यांचा नमुना पिवळा आणि आपला माल हिरवा. म्हणजे हा माल त्या करारातला नाहीच. चल, बाजारात नेऊ."

मी तर शरमेने अर्धमेली झाले.

काकूंनी शांतपणे पिशवीतून माझ्या बहिणीला काढले. मोहर शाबूत, आत वाटाणे हिरवेगार.

"दादा, बरणी उन्हात ठेवतं का कोणी?" त्या हसल्या. "हा घ्या नमुना. जुळवून बघा."

"अगं आई, दीडपट भाव मिळतोय!"

"मिळतोय ना. दोन वर्षांपूर्वी भाव निम्म्यावर आला होता, तरी दादांनी ठरलेले पैसे दिले. तेव्हा नाही म्हणालीस, की जास्तीचे परत करू या!"

मुलगी ओशाळली, मग खुदकन हसली आणि पोती उतरवायला लागली. मालकांनी डोळे पुसले आणि काटा मांडला.

हल्ली मीही कपाटात असते. वाहवा करायला कोणी येत नाही, पण मी मजेत आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांना उन्हात ठेवू नका. आणि समोरच्याकडचा नमुना कधी विटलाच, तर आपल्याकडचा खरा नमुना पिशवीतून बाहेर काढा.