ओरेनिल्दाचा अर्थ

"ओरेनिल्दा," ती पोरगी म्हणाली. "माझं पण तेच आणि बाळाचं पण तेच."

कुकाची सुई कापडात अर्धवटच थांबली. मी शेजारी मशीनवर झालर शिवत होते. माझा पाय मात्र चालूच राहिला आणि शिवण भलतीकडेच गेली.

आमच्या हिबारा गावात मुलीचा बाप्तिस्मा ठरला की आई आधी कुकाच्या घराच्या या पुढच्या खोलीत येते. झबलं मी शिवते, त्यावर नाव कुका भरते. भरता भरता ती नावाचा अर्थ सांगते, आणि सांगितल्याशिवाय झबलं हातात देत नाही. लहानपणी एका म्हाताऱ्या ननकडे ती भरतकाम शिकली, नावांचं वेडही तिथलंच. इरेने ग्रीकांचं, म्हणजे शांती. नोएमी हिब्रू, म्हणजे गोडवा. गेल्या महिन्यात एकीने दोलोरेस सांगितलं तर कुका म्हणाली, "वेदना? अगं, अजून दात यायचेत तिला. आत्तापासून कशाला?" बाई हिरमुसली आणि दुसऱ्या दिवशी इरेने करून आली.

शिवाय आमच्याकडे निम्म्या मुलींची नावं कुठल्याच देशाची नसतात. आईबापाच्या नावांचे तुकडे जोडून ती घरीच बनवतात. तसं नाव आलं की कुका हमखास विचारते, "यात बाप कुठवर आणि आई कुठून?" मग सगळी खोली हसते.

त्या दिवशी तिने ते विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. कुकाच्या नवऱ्याचं नाव ओरेस्तेस. आणि गाव विसरलं असलं तरी कुकाचं खरं नाव निल्दा. लग्नानंतर लगेच दोघांनी हे नाव जुळवलं होतं. मूल पोटात असतानाच कुकाने ते झबल्यावर भरलं, मी नको नको म्हणत असताना. पोर सातव्या महिन्यात झाली आणि आठवडाही जगली नाही. ते झबलं घालूनच तिला पुरलं. पुन्हा कुकाला मूल झालं नाही.

"सुंदर नाव आहे," कुका म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "कुणी ठेवलं?"

"बाबांनी." पोरीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आम्ही बानेसचे. लग्न करून इथे आले. बाबा दर गुरुवारी बर्फाची लॉरी घेऊन यायचे. डाव्या हाताची करंगळी नव्हती त्यांना, बर्फाच्या यंत्रात गेलेली. ती कुठे गेली म्हणून मी विचारायचे, आणि ते माझ्या कानातून काढून दाखवायचे." ती हसली. "मी सहा वर्षांची असताना ते तराफ्यावरून समुद्र ओलांडून उत्तरेच्या देशात जायला निघाले, पोचलेच नाहीत. आई गेल्या वर्षी गेली. आता बाबांचं म्हणावं असं हे नावच आहे माझ्याकडे. म्हणून लेकीला देतेय."

ती गेल्यावर कुकाने सुई कापडात खोचून ठेवली.  दर गुरुवारी ओरेस्तेस बर्फ घेऊन बानेसला मुक्कामाला जायचा, आणि त्याचा डबा कित्येकदा मी भरून दिलाय. 

संध्याकाळी तो डॉमिनो खेळून आला. मी उठून घरी जायला हवं होतं. गेले नाही.

"बानेसची एक मुलगी आली होती," कुका म्हणाली. "झबल्यावर नाव भरायला."

"कुठलं नाव?" सवयीने त्याने विचारलं.

"तूच सांग."

ओरेस्तेसने टोपी काढली. खुर्ची जवळच होती, तरी चाचपडत बसला. माझी अजून आशा होती की तो चिडेल, वेड लागलं का म्हणेल.

"केवढी झाली?" त्याने विचारलं.

संपलं. मला वाटलं, आता कुका इस्त्री फेकून मारते. मी असते तर मारली असती.

"लेक झालीय तिला," कुका म्हणाली. "पोरीला नावाचा काय अर्थ सांगितलास?"

"समुद्रावरचा उजेड. ग्रीक आहे म्हणालो."

"ग्रीक." कुका हसली, आणि ते हसू मला बघवेना. "ग्रीस कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का रे तुला? आणि तराफ्यावरून निघालास म्हणे, तो तराफा कुठे बांधलास, आपल्या परसात?"

"लॉरी मोडली, मग जाणं राहिलं. त्या उन्हाळ्यात सगळेच तराफ्यांवरून निघाले होते. तिच्या आईने पोरीला तसंच सांगितलं असेल."

"दुसरं नाव सुचलं नाही तुला?"

तो टोपी फिरवत राहिला. "आपली गेली, म्हातारे, तेव्हा ते नाव कुणी हाकेतसुद्धा घेतलं नव्हतं. नुसतंच राहिलं होतं. वाया जाईल असं वाटलं."

"अर्धं माझं होतं," कुका म्हणाली. "मला विचारायचं होतंस."

बानेसच्या त्या बाईचं तिने एका शब्दाने विचारलं नाही. मला आजही त्याचं नवल वाटतं.

शनिवारी पोरगी झबलं न्यायला आली. कापडावर निळ्या रेशमात फक्त 'ओरे' होतं. पुढे कोरं.

"अहो मावशी, उद्या बाप्तिस्मा आहे," ती कळवळली.

"बस. आज पुरं करते."

"आणि अर्थ सांगा हं. बाबा म्हणायचे समुद्रावरचा उजेड. पाद्रीबाबा म्हणतात, असा शब्दच नाही."

"नाहीच आहे." कुकाने आतल्या पडद्याकडे तोंड केलं. "ओरेस्तेस, पाहुणीला कॉफी आण."

त्याला यायला फार वेळ लागला. आला तेव्हा डाव्या हातावर कपबशी होती. पोरीने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती बशीखालच्या हाताकडे बघत होती, जिथे करंगळी नव्हती.

"मी दरवर्षी समुद्रात फुलं सोडते तुमच्यासाठी," ती हळू म्हणाली. "आई वारली तेव्हा तिच्या वाटणीची पण सोडली. आणि तुम्ही इथे कॉफी करताय?"

  बाळ जागं होऊन कुरकुरू लागलं, तरी तिला भान नव्हतं. मीच त्याला उचलून घेतलं.

"तुझ्या नावात अर्धा हा आहे," कुका म्हणाली. "उरलेली अर्धी मी. निल्दा. आम्ही ते आमच्या लेकीसाठी केलं होतं, तिला वापरायला मिळालं नाही. एवढाच अर्थ आहे." तिने झबलं पोरीपुढे ठेवलं. "नको असेल तर सांग. हे उसवते, खूण राहणार नाही. दुसरं चांगलं नाव सुचवते. अर्थ असलेलं."

पोरगी झबल्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले नव्हते, नुसते मोठे झाले होते. "तुमच्या लेकीचं नाव मी इतकी वर्षं वापरलं," ती म्हणाली.

"बरं केलंस. कुणीतरी ओ दिली त्याला."

 मग पोरीने झबलं उचललं, कुकाच्या मांडीवर ठेवलं आणि बोटाने कोरी जागा दाखवली.

"भरा, मावशी. अर्धं ठेवू नका."

कुकाला सुईत दोरा ओवता येईना. मी एका हातात बाळ धरून दुसऱ्या हाताने सुई धरली, दोरा पोरीने घातला. कुकाने आपल्या नावाचं पहिलं अक्षर घातलं, अगदी बारीक टाक्यांनी. ओरेस्तेस कप घेऊन तसाच उभा होता. त्याला बस म्हणून कुणी म्हटलं नाही.